काम शोधण्याच्या दिवसांत तब्येत

श्रोतेहो, नमस्कार.

काम शोधणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "एकदा नोकरी लागू दे, मग तब्येतीकडे बघू." झोप, फिरणं, मित्रांना भेटणं, सगळं त्या 'एकदा'वर ढकललेलं. हा क्रम मला चुकीचा वाटतो. मनासारखं काम ओळखायला आणि ते मिळेपर्यंत टिकून राहायला जी ताकद लागते, ती शोधाच्या दिवसांतच सांभाळावी लागते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. १९३०च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्ख्या गावाचा रोजगार गेला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास केला. लोकांपाशी आता वेळच वेळ होता, तेव्हा वाचन वाढायला हवं होतं. पण वाचनालयातून पुस्तकं नेणं उलट कमी झालं. रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते मध्येच थांबायला लागले. दिवसभर काय केलं, हे अनेकांना धड सांगताही येईना.

याहोडांनी पुढे याचा अर्थ लावला. नोकरी पगार देते, पण त्याबरोबर दिवसाला वेळापत्रक देते, घराबाहेरची माणसं देते, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय ही जाणीव देते, चारचौघांत ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. नोकरी गेली की हे सारं एकाच दिवशी जातं. म्हणून घरी बसलेल्या माणसाला 'आळशी झालास' म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. त्याच्या दिवसाचा आधारच निघून गेलेला असतो. तो त्याला आता स्वतः उभा करावा लागतो : उठायची ठरलेली वेळ, रोज कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलणं, आणि अर्ज करण्यासाठी ठरावीक तास. दिवसभर फोनवर जाहिराती चाळत राहणं म्हणजे शोध नव्हे. त्यानं फक्त शीण येतो.

झोपेबद्दल थोडंच सांगतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची हात आणि डोळ्यांच्या मेळाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. रात्रभर तयारी करून सकाळी मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नकार पचवणं त्याहून अवघड. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. नोकरी गेलेल्या काही अनुभवी लोकांना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं लिहायला सांगितलं. एका गटानं नोकरी जाण्याबद्दल मनात जे जे होतं ते लिहिलं, राग आणि अपमानसुद्धा. या गटातल्या लोकांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी जास्त फोन केले किंवा जास्त पत्रं पाठवली असंही नव्हतं. मनातली कडवटपणाची गाठ सैल झाली की मुलाखतीत माणूस वेगळा दिसत असावा. अभ्यास लहान होता, पण वही-पेन कुणालाही परवडतं.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो मुद्दा. "मला कशातच रस नाही, माझ्यासाठी कुठलंच क्षेत्र नाही," असं सांगणारे तरुण भेटतात. घरचे लगेच त्यांना कलचाचणीला किंवा नव्या कोर्सला नेतात. पण कशातच रस न वाटणं हे नैराश्याचं एक प्रमुख लक्षण आहे. ताप आलेल्या माणसाला जेवण बेचव लागतं, त्यावरून आपण स्वयंपाकाला दोष देत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. कुठल्या कामात आयुष्य घालवायचं, हा निर्णय अशा दिवसांत घेऊ नका. उपचारांनी मन सावरलं की जुन्या आवडी पुन्हा डोकं वर काढतात, आणि मगच कलचाचणीची उत्तरं तुमची स्वतःची असतात.

पैशाची निकड असेल तर हाती येईल ते काम घ्यावं लागतं, त्यात कमीपणा नाही. पण तिथेही स्वतःकडे बघत राहा. कोणत्या कामानंतर दमूनही बरं वाटतं? कशाच्या नुसत्या विचारानं पोटात गोळा येतो? कुठे वेळेचं भान राहत नाही? ज्यांना जुनाट आजार आहे किंवा अपंगत्व आहे, त्यांनी आपल्याला कोणते तास झेपतात, कोणत्या सोयी लागतात, हे आधीच मनाशी पक्कं करावं आणि नोकरी देणाऱ्याला मोकळेपणानं विचारावं.

शेवटी घरच्यांसाठी. रोज संध्याकाळी "आलं का कुणाचं बोलावणं?" असं विचारू नका. बोलावणं आलं की तो किंवा ती आपणहून सांगेलच. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. त्या अर्ध्या तासाला सोबत जा, आणि वाटेत नोकरी सोडून दुसऱ्या कशावरही बोला.

नमस्कार.