आत्याचं टेबल, आत्याचा संगणक

(नौपाडा, ठाणे. दुपारचे अडीच. खिडकीतून गोखले रोडवरच्या रिक्षांचे आवाज.)

ठाणे स्टेशनपासून चालत यावं इतक्या अंतरावर, नौपाड्यातल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत माझी आत्या राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती घरी बसून मुद्रितशोधन करते. श्रावण लागला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागतात, आणि मग दसऱ्यापर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. त्यातून वेळ उरलाच तर सोसायटीचा हिशेब.

तिचं टेबल बघा. शब्दकोश डावीकडे, कारण पानं डाव्या हातानं उलटायची सवय. लाल पेन उजवीकडे. चष्म्याचं घर दिव्याखाली. न बघता हात पुढे केला तरी हवी ती वस्तू हाताला लागते.

याच टेबलावरच्या संगणकाचा पडदा मात्र गेल्या वर्षापर्यंत असा होता.

(जुना डेस्कटॉप. आयकॉनच्या ओळीमागून ओळी.)

मी मोजले. ९४ आयकॉन, त्यातले रोजच्या वापरातले पाच. तीन ब्राउझर. ‘संगणक वेगवान करा’ असं सांगणारी दोन सॉफ्टवेअर, आणि ती दोन्ही संगणक सुरू होतानाच सुरू होऊन त्याचा वेग खात बसलेली. आत्या बटण दाबून चहा टाकायची. चहा पिऊन व्हायचा, तेव्हा कुठे पडदा कामाला तयार.

संगणक २०१४चा, त्यावर विंडोज १०. त्याला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आत्याचा चौथ्या पिढीतला. नवीन घ्या, असा सल्ला तिला ज्यानं त्यानं दिला. तिनं मला फोन करून एवढंच विचारलं, “अगं, पण याचं नक्की बिघडलंय काय?”

बिघडलं काहीच नव्हतं.

(भाची खुर्चीवर, मांडीवर वही.)

पहिल्या दिवशी मी काहीही इन्स्टॉल केलं नाही. तिच्या शेजारी बसले आणि ती काय करते ते लिहीत गेले. पीडीएफ उघडते. पान मोठं करते. समासात टीप लिहिते. एखादा शब्द सगळ्या अंकात कसा छापलाय ते शोधते. ईमेल पाठवते. हिशेबाची शीट उघडते. संध्याकाळी नाट्यसंगीत लावते. दिवस संपला तेव्हा वहीचं अर्धं पान भरलं होतं. आम्हाला पुढे जे काही निवडायचं होतं, ते त्या अर्ध्या पानावरून निवडलं. आधी सॉफ्टवेअर टाकायचं आणि मग त्याला काम शोधायचं, ही माझी स्वतःची जुनी खोड. ती इथे मोडली.

मग विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली. पेन ड्राइव्हवरून ती सुरू होते आणि आपण सांगेपर्यंत आतल्या डिस्कला हातही लावत नाही. दोन दिवस आत्यानं तसंच काम केलं. तिसऱ्या दिवशी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, रॅम ४ जीबीची ८ केली. जुनी डिस्क आहे तशी कपाटात ठेवली. तिच्यावरचं काहीही पुसलेलं नाही, हे आत्याला उघडून दाखवलं, तेव्हा ती निर्धास्त झाली.

निवडीबद्दल बोलायचं, तर प्रुफांसाठी ऑक्युलर हा पीडीएफ वाचक. समासातल्या टिपा पीडीएफमध्येच साठवता येतात, त्यामुळे पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला त्याच्या नेहमीच्या रीडरमध्ये त्या दिसतात. हिशेबाला लिब्रेऑफिस. ईमेलला थंडरबर्ड. गाण्यांना व्हीएलसी. फोटोच्या कामासाठी मी गिम्पही टाकलं होतं, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. “मला फोटोचं काय काम?” आत्या म्हणाली. तिचं बरोबर होतं. काढून टाकलं.

(पडद्याचा जवळून घेतलेला भाग. खालची पट्टी सरकत डावीकडे जाते.)

आता पडद्याची मांडणी. हा पडदा १३६६ बाय ७६८चा. रुंदी भरपूर, उंची बेताची. छापील पान याच्या नेमकं उलटं, उभं. खालची पट्टी त्या बेताच्या उंचीतलाच तुकडा खाते. ती उचलून डाव्या कडेला उभी केली, आणि तेवढ्यावर पानाच्या आणखी दोन-तीन ओळी दिसायला लागल्या. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्या माणसाला या दोन ओळींची किंमत विचारा.

एक चूक माझी झाली. डोळ्यांना बरं म्हणून मी सगळं काळ्या रंगात करून दिलं, पीडीएफची पानंसुद्धा. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. “अनुस्वार दिसत नाहीत गं.” मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की आधीच दाटी होते. काळ्यावर पांढरी अक्षरं तिच्या डोळ्यांना फुलल्यासारखी दिसत आणि तो टिंब त्यात हरवे. शेवटी छापून येणार ते पांढऱ्या कागदावरच. काळा रंग गेला. अक्षरांचा आकार ९६ डीपीआयवरून १२० केला, माउसचा बाण मोठा केला आणि मागचं चित्र काढून फिकट करडा रंग ठेवला. तलावपाळीचा तिचा आवडता फोटो आता पडदा कुलूपबंद असताना दिसतो.

फॉन्टवर मात्र अख्खी दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २०२२च्या निर्णयातही तसंच आहे. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, त्यात मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ही वळणं आपोआप येतात. भाषा ‘हिंदी’ राहिली तर येत नाहीत. इतकी वर्षं आत्या तो हिंदी वळणाचा ल बघून चडफडत होती, आणि उपाय होता मेनूतल्या एका शब्दाचा.

टायपिंगचं काहीच नव्यानं शिकावं लागलं नाही. तिची बोटं इनस्क्रिप्ट या कळफलकाला सरावलेली. भारत सरकारनं १९८६ साली मांडलेली ही रचना, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, विंडोजवर जशी तशीच इथे.

(जुनी फाइल उघडते. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी.)

आणि ही तिची २००३ची फाइल. मुलांच्या शुद्धलेखनावर लिहिलेला लेख. त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. तो फॉन्ट संगणकावर नसला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशा ७० फाइली. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलून देणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर सोडून चालत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार जुन्यात अक्षराच्या मागून येई, आता त्याचा र आधी येतो. बदलताना एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ती पकडायला आत्याच लागते.

(दुपार. आत्या टेबलाशी. टंकनाचा आवाज.)

म्हणून डेस्कटॉपवर आता चारच फोल्डर आहेत. आजची प्रुफं, सोसायटी, पत्रं, आणि जुने लेख. चौथ्यातली एक फाइल ती रोज जेवणानंतर दुरुस्त करते. आज तिसावी. ‘वाऱ्यावर’ या शब्दात परिवर्तकानं साधा रफार दिलाय, ‘वार्यावर’. आत्या तो खोडते. शिफ्ट धरून जे, मग डी. मग य. टोपी घातलेला र जातो आणि आडवा र येतो. ती पुढच्या ओळीकडे वळते.