काकूंच्या तगरीवरची अळी

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस उघडला की आमच्या अंगणात रात्री चादर लागते. दोरीवर पांढरी सुती चादर आणि तिच्यापुढे बल्ब. पतंग बघायला एवढं पुरतं. रात्र अमावास्येच्या आसपासची धरा, चांदण्यात दिव्यावर फारसं कोणी येत नाही. पुन्हा सांगते: अमावास्या, दमट हवा, आणि वारा पडलेला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपती नुकतेच गेले होते. शेजारच्या काकू तणतणत आल्या, "अगं, माझी तगर कोण खातंय बघ!" जाऊन पाहिलं, तर बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी. शेपटाकडे आखूड पिवळं शिंग. मी काडीनं हलकेच स्पर्श केला, तर तिनं डोकं आत ओढलं आणि मानेवरचे दोन निळे ठिपके डोळ्यांसारखे वटारले. काकू दोन पावलं मागे! ते डोळे नव्हेत बरं का, शत्रूला भिववायचे ठिपके. हीच अळी कण्हेरही खाते. ज्या कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही, ती कण्हेर!

काकूंच्या हातात फवारणीचा पंप होता. म्हटलं, "काकू, थोडे दिवस थांबा. तगर पुन्हा फुटेल." चौथ्या दिवशी अळी तपकिरी झाली, खाली उतरली आणि पाचोळ्यात शिरली. तो कोपरा काकूंनी झाडला नाही. पाचोळा जाळण्याचा मला फार राग आहे. सोन्यासारखं खत जातं आणि गल्लीभर पोरं खोकतात.

सर्वपित्रीच्या रात्री चादरीवर तो येऊन बसला. मखमली हिरवा, त्यावर गुलाबी-पांढऱ्या लाटा. ऑलिअँडर हॉक मॉथ, म्हणजे तसल्या अळीचाच पुढं होणारा पतंग. काकूंचाच असेल असं नाही, पण जात तीच. काकू चष्मा लावून अकरापर्यंत चादरीसमोर बसल्या होत्या.

पतंग की फुलपाखरू, ओळखायचं कसं? मिशा बघा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गुंडी असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या. मग बसताना पंख कसे ठेवलेत ते बघा. मिशा आणि पंख, एवढं ध्यानात ठेवा. शेजारी पट्टी धरून फोटो घ्या, वहीत तारीख लिहा. उजाडायच्या आत दिवा बंद करून पतंग झुडपात सोडा, नाहीतर दयाळ आणि बुलबुल ते टिपतात.

यंदा काकूंच्या तगरीवर तीन अळ्या आहेत. रोज सकाळी मोजून मला फोन करतात.