शर्ट काढ बघू

(दृश्य: शिवाजी पार्क, संध्याकाळ, मल्लखांबाचा सराव चाललाय.)

मल्लखांब करणाऱ्या पोरांच्या अंगात शर्ट नसतो, पोहतानाही नसतो, आणि आपल्या मुंबईच्या पावसात शाळेचा पांढरा शर्ट भिजून अंगाला चिकटला की काही लपतही नाही. त्यामुळे छातीला खड्डा असलेला मुलगा सगळ्यात आधी पोहणं सोडतो, मग दोन साइझ मोठा टीशर्ट घालायला लागतो, खांदे पुढे पाडून चालतो, आणि घरी मात्र ओरडा बसतो की ताठ उभा राहा रे जरा! खड्डा घरच्यांना माहीत असतो, नाही असं नाही, पण "वय वाढलं की भरून येईल", "जिमला घाला", "कॅल्शियम कमी असेल", यातच दोन-तीन वर्षं निघून जातात.

आणि नेमकी तीच वर्षं महत्त्वाची असतात. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने, म्हणजे मऊ लवचिक हाडाने, जोडलेल्या असतात, तिची वाढ वेडीवाकडी झाली की हाड आत ओढलं जातं, याला म्हणतात पेक्टस एक्स्कव्हेटम, किंवा पुढे ढकललं जातं, म्हणजे पेक्टस कॅरिनाटम, आपल्याकडे ज्याला कबुतरासारखी छाती म्हणतात. खड्डेवाला प्रकार साधारण 300 ते 400 जन्मांमागे एकात दिसतो, मुलग्यांमधे जास्त, आणि बऱ्याच घरांत काका-मामा कुणाला तरी तसंच असतं. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा खड्डाही झपाट्याने खोल होतो, आपोआप भरून येणं दूरच.

(दृश्य: परळ, बालशल्यचिकित्सेची ओपीडी. पडदा ओढलेला.)

नववीतला मुलगा, सोबत आई. डॉक्टर म्हणतात, "शर्ट काढ बघू बाळा." मुलगा आईकडे बघतो, आई बाहेर जाऊन बसते. हे एवढं जमलं तरी अर्धी तपासणी झाली म्हणायची, कारण आई समोर असताना "दम लागतो का" या प्रश्नाला उत्तर "नाही" असतं आणि आई गेल्यावर कळतं की दादरच्या पुलावर मित्र पुढे जातात आणि हा मोबाईल बघायच्या निमित्ताने थांबतो.

आधी नुसतं बघायचं. समोरून, बाजूने, मग खाली वाकवून मागून, कारण पाठीचा कणा वाकडा असेल तर तो असा वाकल्यावर नीट कळतो. खड्डा मधोमध आहे की एका बाजूला झुकलेला? एका बाजूचा छातीचा स्नायूच नाहीये का? तसं असेल तर त्याच बाजूच्या हाताची बोटंही बघायची, पोलंड सिंड्रोममधे ती आखूड किंवा जोडलेली असू शकतात. मग दोन्ही हात पसरायला लावून टेपने मोजायचं. हातांची लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त, बोटं लांबसडक, अंगठा मुठीत धरला तर दुसऱ्या बाजूने बाहेर येतोय, असं दिसलं की मारफानची, म्हणजे अंगातल्या जोडणाऱ्या ऊतींच्या जन्मजात आजाराची, शंका येते आणि मग टूडी-एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयातून निघणारी महाधमनी आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडून भिंग तपासून घ्यायलाच लागतं, इथे टाळाटाळ चालत नाही. आणि कॅल्शियमचं म्हणाल तर मुडदूस बहुतेक लहान मुलांमधे असतो, त्यात मनगटं जाड होतात, पाय वाकतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, या मुलाला त्यातलं काहीच नाहीये.

मुलींचं वेगळं. त्या येतात ते दोन बाजूंचे स्तन सारखे दिसत नाहीत म्हणून, आणि खालचा बरगड्यांचा दोष बघायचा राहून जातो.

आता मुलगा टेबलावर झोपलाय. छातीवर एक पट्टी आडवी, दुसरी उभी खड्ड्यात, श्वास सोडलेला असताना. झाली खोली मोजून! सगळ्यांना लगेच सीटी लागत नाही, पोराला विनाकारण रेडिएशन कशाला? ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा स्कॅन काढून छातीची आतली रुंदी भागिले सगळ्यात खोल जागी मधल्या हाडापासून मणक्यापर्यंतचं अंतर, असा आकडा काढतात, त्याला हॅलर इंडेक्स म्हणतात. रुंदी 24 सेंटीमीटर आणि अंतर 6, तर इंडेक्स 4. नॉर्मल अडीचच्या आसपास, 3.25 च्या वर गेला की गंभीर धरतात. पण या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये असं मला वाटतं, छाती मुळातच रुंद असली तर खड्डा कमी असूनही आकडा चढतो, आणि श्वास भरून स्कॅन काढला की सोडून, त्यानेही बदलतो. फुफ्फुसांची फुंकायची टेस्टही बऱ्याचदा जवळपास नॉर्मल येते, कारण ती मुलगा बसलेला असताना होते आणि त्याला त्रास होतो पळताना, म्हणून ट्रेडमिल किंवा सायकलवरची टेस्ट जास्त बोलकी. एकोमधे हृदयाची उजवी बाजू दबलीय का तेही बघतात.

पुढे आलेल्या छातीची तपासणी तळहाताने. दाबल्यावर सहज खाली जाते? मग ब्रेस, म्हणजे छाती बाहेरून दाबून धरणारा पट्टा, रोज बरेच तास, कित्येक महिने, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पट्ट्याखाली घामोळं येतं तेव्हा पोरं तो दप्तरात टाकून मोकळी होतात. कूर्चा कडक झाल्यावर तोच ब्रेस फारसं काही करत नाही.

खड्ड्यासाठी नस ऑपरेशन आहे, अमेरिकेतल्या डोनाल्ड नस यांनी 1987 पासून सुरू केलेलं, मधल्या हाडाखालून वाकवलेली धातूची पट्टी सरकवायची आणि साधारण तीन वर्षांनी काढायची. त्याआधी निकेलची ॲलर्जी विचारायची, नाहीतर पट्टी वेगळ्या धातूची लागते. पट्टी आत असेपर्यंत तशी नोंद मुलाच्या खिशात हवी, कारण हृदयाला विजेचा शॉक द्यायची वेळ आलीच तर पॅड छाती आणि पाठीवर लावतात.

या मुलाला आज ऑपरेशन नाही. पाठीचे आणि श्वासाचे व्यायाम, ट्रेडमिल टेस्टची तारीख, सहा महिन्यांनी परत मोजणी. शर्टाची बटणं लावता लावता तो विचारतो, "सर, कबड्डी खेळलो तर चालेल?"

"चालेल की, खेळ."

आणि पोहणंही, असं डॉक्टर केसपेपरवर लिहून देतात, आईला दाखवायला.