भिंतीला कान असतात तेव्हा

बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ या ऑपेराची गोष्ट इथं बसलेल्या बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे लिओनोरे पुरुषवेषात तुरुंगात नोकरी कशी धरते आणि नवऱ्याला, फ्लोरेस्टानला, कशी सोडवते, ते मी सांगत बसत नाही. विषय आहे ‘हा ऑपेरा लोकांनी कसा ऐकला’. पण त्याआधी मला पहिल्या अंकातल्या एका जागेबद्दल बोलू द्या.

कैद्यांना घटकाभर अंगणात सोडतात. कोरस चाचपडत सुरू होतो, चढत जातो, ‘स्वातंत्र्या, तू परत येशील का?’ इथपर्यंत पोचतो. आणि एक कैदी म्हणतो, हळू बोला, आपल्यावर कान आणि डोळे रोखलेले आहेत. सगळा कोरस दबतो. माझ्याकडे पहिली कॅसेट आली तेव्हा सोबत शब्द नव्हते. मला वाटलं टेप बिघडली, म्हणून मी आवाज वाढवला. बेथोव्हेनने मुद्दाम भीती लिहून ठेवली आहे, हे कळायला दोन वर्षं गेली. आजही लोक दुसऱ्या अंकातल्या, सुटका जवळ आल्याचं सांगणाऱ्या तुतारीची वाट बघत ही जागा हातची घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ड्रेस्डेनला चला. ७ ऑक्टोबर १९८९, पूर्व जर्मनीच्या स्थापनेला चाळीस वर्षं पूर्ण. तिथल्या झेम्परऑपेरा या ऑपेरागृहात ‘फिडेलिओ’चा नवा प्रयोग, दिग्दर्शक क्रिस्टीने मीलित्स. (ही इमारत १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाली होती. बरोबर चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९८५ला, तिचे दरवाजे पुन्हा उघडले. तिच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल.) तीनच दिवसांपूर्वी प्रागहून पश्चिमेकडे निघालेल्या पूर्व जर्मन निर्वासितांच्या गाड्या ड्रेस्डेनवरून गेल्या होत्या. त्यात चढायला मिळावं म्हणून हजारो माणसं स्टेशनवर धडकली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. प्रयोगाच्या रात्रीही रस्त्यावर धरपकड चालू होती. आणि आत पडदा वर गेला, तर मंचावर काटेरी तार आणि टेहळणीचा मनोरा. रोज सीमेवर दिसणारा.

कैद्यांचा कोरस झाला. प्रेक्षागृह टाळ्यांनी असं उसळलं की प्रयोग थांबवावा लागला. ज्या देशात शेजाऱ्याचा कान आपल्या भिंतीला आहे हे पोरासोरांनाही ठाऊक होतं, तिथं ‘हळू बोला’ ऐकून लोक हळू बोलले नाहीत. महिनाभरात बर्लिनची भिंत उघडली. ऑपेराने ती पाडली असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्याला आपल्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय हे माहीत नव्हतं, आणि तरी त्याने वाजवल्या.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. तेव्हा मूळ मुद्दा भरभर मांडतो.

२० नोव्हेंबर १८०५ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. आठवड्यापूर्वीच नेपोलियनचं सैन्य शहरात शिरलेलं, खुर्च्यांवर बरेचसे फ्रेंच अधिकारी. तीन प्रयोगांत खेळ आटोपला. १८१४च्या मे महिन्यात नेपोलियन हरून, हद्दपार होऊन एल्बा बेटावर पोचलेला, आणि सुधारलेला तोच ऑपेरा डोक्यावर घेतला गेला.

पुढे नाझी जर्मनीतही तो होत राहिला. हे बघून लोक तोंड झाकून बाहेर का धावले नाहीत, असं जर्मन लेखक थॉमस मान यांनी १९४५मध्ये विचारलं. १९५५ला व्हिएन्नाचं ऑपेरागृह पुन्हा उघडलं तेही ‘फिडेलिओ’नेच. दोस्त राष्ट्रांचा दहा वर्षांचा ताबा नुकताच संपला होता, प्रेक्षकांना आपणच फ्लोरेस्टान वाटत होतो. याच शहराने १९३८ला हिटलरच्या स्वागताला चौक भरला होता. संगीत संचालनाला कार्ल ब्योम, आणि नाझी काळात १९४३पासून या ऑपेरागृहाचे संचालकही तेच.

प्रत्येक सत्तेला हा ऑपेरा आपलाच का वाटतो? कारण शेवटी सुटका करायला राजाचा मंत्री येतो. सत्ताधारी स्वतःला तो मंत्री समजून निवांत बसतो. तुरुंग कुणाचा, हे बेथोव्हेन सांगत नाही, ते प्रेक्षकच ठरवतो. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक बघणाऱ्यांना कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे कुणी समजावलं नव्हतं. फरक इतकाच, की तिथं सरकारलाही कळलं आणि १९१०ला बंदी आली.

मंडेला जिथं कैदेत होते त्या रॉबेन बेटावर २००४ला झालेल्या प्रयोगाबद्दल बोलायचं राहिलंच. पण कोरस ऐकवल्याशिवाय मी खाली बसणार नाही. साउंडवर बसलेल्या दादांना एकच विनंती: मध्येच आवाज दबेल, तेव्हा बटणाला हात लावू नका.