आधी पाय पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, पण तो वयाच्या सहाव्या वर्षापासून. त्याआधीची मोलाची वर्षं बऱ्याच पालकांना खासगी विशेष बालवाडीवर सोपवावी लागतात. अशी शाळा पाहायला गेलात तर तासभर वर्गात बसू द्या म्हणून सांगा, आणि आधी मुलांचे पाय पाहा.

हो, पायच. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरेसा ताबा नसणं, किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे पाय अधांतरी लोंबत असतील, तर त्याचं सगळं बळ तोल सावरण्यातच जातं. मणी ओवायला हात मोकळा होणार कसा? पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे आणि कंबर काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला, अशी बैठक हवी. त्यासाठी महागडी खुर्चीच लागते असं नाही. बऱ्याच मुलांना पायांखाली जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा आणि तो सरकू नये म्हणून रबरी मॅट, एवढं पुरतं. डबा खातानाही हीच बैठक. मान मागे टाकून भरवलं, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

मग चित्रांचं वेळापत्रक. सुरुवातीला चारच कार्डं: प्रार्थना, खेळ, डबा, घर. काम झालं की मुलानं स्वतः कार्ड काढून 'झालं'च्या डब्यात टाकायचं. पुष्कळदा हा तक्ता ताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला असतो आणि दिवसभर कुणी त्याला हात लावत नाही. मग ती नुसती सजावट. चित्र कळत नसेल तर वस्तूच हातात द्यावी. चमचा म्हणजे डबा.

प्रश्न विचारल्यावर ताई किती थांबतात? मनात दहा अंक मोजा. मध्येच शब्द बदलून पुन्हा विचारलं, की मुलाला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. मुलाचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे त्याच्यासाठी ठरवलेली शिकण्याची उद्दिष्टं, तोही वाचायला मागा. 'भाषा सुधारेल' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'पाचपैकी चार वेळा खुणेनं किंवा शब्दानं पाणी मागेल' हे मोजता येतं.

बोलणं उशिरा येत असेल, तर श्रवणतपासणी आधी. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल, तर तिथे चौकशी करा. ऐकू कमी येतंय हे कळलंच नाही, तर शाळेतला सगळा आराखडा चुकीच्या पायावर उभा राहतो.