चहाच्या खोक्यापासून बेस गिटारपर्यंत: क्वारीमेनची जुळणी

पडद्यावर दिसतोय तो प्लायवुडचा खोका चहाचा आहे. आसाम आणि सिलोनची चहापत्ती ब्रिटनमध्ये अशाच खोक्यांतून यायची. चहा संपला की खोका रिकामा, आणि तो मिळवायला पैसे फारसे लागत नसत. १९५६ साली गायक लॉनी डोनेगनच्या रेकॉर्डनं ब्रिटिश पोरांना स्किफलचं, म्हणजे साध्या, घरगुती वाद्यांवरच्या संगीताचं वेड लावलं, तेव्हा या खोक्याला भाव आला. स्किफलला लागतात तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) आणि एक पळता ठेका. वीज नको, अँप्लिफायर नको. लिव्हरपूलच्या क्वारी बँक शाळेतल्या जॉन लेनननं मित्रांना गोळा करून असाच एक गट उभा केला. शाळेवरून नाव पडलं क्वारीमेन. याच गटाचे पुढे बीटल्स झाले.

खोक्याचा बेस, म्हणजे खर्जाचं वाद्य, असा बनतो. खोका पालथा घालायचा. वर आलेल्या तळाच्या मधोमध भोक पाडून मजबूत दोरी ओवायची, आतून वॉशर लावून गाठ मारायची. वॉशर विसरलात तर गाठ पातळ प्लायवुड फाडून वर येते. दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याच्या शेंड्याला बांधायचं आणि दांड्याचं बूड खोक्याच्या कडेवर टेकवायचं. दांडा मागे ओढला की दोरी ताणली जाते, सूर चढतो. सैल सोडला की उतरतो. खोक्याची एक बाजू पायानं थोडी उचलून धरावी लागते, नाहीतर आवाज आतच कोंडतो.

खरी अडचण सुराची. लांबी तीच ठेवून वरच्या सप्तकातला सूर हवा असेल तर ताण चौपट करावा लागतो. हाताच्या अंदाजानं ते नेमकं जमत नाही, त्यामुळे खोक्यातून सुरापेक्षा ठोका जास्त मिळतो. स्किफलमध्ये तेवढं भागतं. रॉक अँड रोलमध्ये बेसनं प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर स्पष्ट दाखवावा लागतो, आणि तिथे खोका उघडा पडतो.

खोक्यावर लेन गॅरी, बॅन्जोवर रॉड डेव्हिस. हा बॅन्जो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे. हा ताणलेल्या पडद्यावर तारा चढवलेला, गिटारसारखा धरायचा. पीट शॉटनकडे कपडे घासायचा पन्हळी पत्रा, बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं. कॉलिन हँटन नोकरी करत होता, म्हणून त्यानं हप्त्यांवर ड्रम घेतले होते. नव्या बँडमध्ये ड्रमर असाच सापडतो: ज्याच्याकडे ड्रम, तो ड्रमर. पण ड्रम आले की पत्र्याचं काम संपतं, कारण दोघंही एकाच जागेवर खरखरतात.

गिटारवर जॉन आणि एरिक ग्रिफिथ्स. जॉनची गॅलोटोन चॅम्पियन ही स्वस्तातली गिटार. ती तडकणार नाही, अशी हमी आतल्या लेबलवरच छापलेली. जॉनची आई ज्युलिया बॅन्जो वाजवायची. तिनं त्याला बॅन्जोचे कॉर्ड शिकवले आणि गिटारच्या तारा त्याच पद्धतीनं लावल्या गेल्या. याचा तोटा मोठा होता. जाड तारांचा खर्ज वायाच जायचा आणि दुसऱ्या गिटारवाल्याचा हात पाहून काही उचलता येत नसे, कारण बोटांच्या जागाच वेगळ्या.

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत हा गट वाजला. त्या दिवशी आयव्हन वॉन या मित्रानं पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीची गाठ घालून दिली. पॉलला अख्खं गाणं शब्दांसकट येत होतं, आणि गिटार रीतसर सुरात लावता येत होती. आमच्या मते ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. चांगला आवाज कुठेही सापडतो, पण सहा तारा नीट मिळवणारा एक जण आला की सगळ्या गटाचा सूर सुधारतो.

पॉल डावखुरा, त्यामुळे त्याच्या गिटारच्या तारा उलट्या क्रमानं चढवलेल्या. असं करताना गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या खाचा जुळत नाहीत: जाड तार अरुंद खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत खडखडते. रुंद खाचेत काडेपेटीतल्या काडीचा तुकडा सरकवला की तात्पुरतं निभावतं.

१९५८ च्या सुरुवातीला जॉर्ज हॅरिसन आला, जेमतेम पंधराचा, पण एकल वाजवण्यात सगळ्यांच्या पुढे. आता गिटार चार झाल्या. एरिकला बेस गिटार आणि अँप घ्यायला सुचवण्यात आलं, ते त्याला परवडेना, तो बाहेर पडला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत पाच जणांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. खर्च १७ शिलिंग ६ पेन्स, प्रत एकच. म्हणून प्रत्येकानं ती आळीपाळीनं घरी न्यायची असं ठरलं. अशा तबकडीचा थर मऊ असतो, सुई दर वेळी थोडा खरवडते.

पुढे बाकीचे एकेक करून गेले, कॉलिनही गेला. तीन गिटार राहिल्या, ड्रम नाहीत. ठेका गिटारमध्येच आहे, असं आयोजकांना सांगावं लागायचं. एका गिटारनं प्रत्येक मात्रेवर हात चालू ठेवला तर लहान खोलीत हे खपतं. नाचाच्या हॉलमध्ये नाही.

बेसचा प्रश्न १९६० च्या जानेवारीत सुटला. जॉनचा कला महाविद्यालयातला मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याचं चित्र ६५ पौंडांना विकलं गेलं आणि त्यानं हॉफनर कंपनीची बेस गिटार घेतली. त्याला वाजवता येत नव्हतं, पण प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर धरण्यापुरतं शिकायला बेसवर फार वेळ लागत नाही. ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं काम आलं, त्यासाठी ड्रमर हवाच होता. पीट बेस्टकडे स्वतःचे ड्रम होते, त्याला घेतलं. एव्हाना नाव बीटल्स झालं होतं आणि तिथल्या इंद्रा क्लबात एरवी साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं होतं.