कपाचा कान कुठून काढायचा? मेशबांधणीचे पहिले धडे

शाळेतल्या भूमितीत ऑयलरचं सूत्र असतं. घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा आणि ६ पृष्ठं. शिरोबिंदूंतून कडा वजा करा, पृष्ठं मिळवा, उत्तर २. मेश, म्हणजे संगणकातल्या त्रिमितीय वस्तूची जाळी, याच तीन गोष्टींची बनलेली असते आणि हे सूत्र तिथे रोज कामाला येतं. ते कसं, हे आपण कानाचा एक कप बांधताना बघू. बटणांची नावं मी ब्लेंडर या त्रिमितीय आकार बांधायच्या सॉफ्टवेअरमधली घेतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी बदलतील, बांधणी तीच राहील.

सुरुवात सिलिंडरपासून. व्यास ८ सेंटिमीटर, उंची ९.५ सेंटिमीटर, बाजू १६. ब्लेंडर आपणहून ३२ बाजू देतो, त्या आधीच कमी करा. गोलाई नंतर सबडिव्हिजन (पृष्ठांचे आणखी तुकडे करून आकार गुळगुळीत करणारी क्रिया) देणारच आहे, आणि हाताने हलवायचे बिंदू जितके कमी तितका आकार ताब्यात राहतो. माप देऊन झालं की स्केल अप्लाय करा, म्हणजे बदललेलं माप हेच वस्तूचं मूळ माप ठरतं. हे राहून गेलं तर इनसेट (पृष्ठाच्या आत तसंच लहान पृष्ठ काढणं) आणि बेव्हल (धार बोथट करणं) यांची मापंही वस्तूबरोबर ताणली जातात. ४ मिलिमीटर म्हणून दिलेली भिंत ४ मिलिमीटरची राहत नाही.

वरचं पृष्ठ ४ मिलिमीटर इनसेट करा आणि आतलं पृष्ठ ९ सेंटिमीटर खाली एक्स्ट्रूड करा, म्हणजे कडेने नव्या भिंती काढत ओढा. तळाला ५ मिलिमीटर जाडी उरते. आता ओव्हरले या दृश्यावर माहिती दाखवणाऱ्या यादीतलं स्टॅटिस्टिक्स चालू करून आकडे वाचा: ६४ शिरोबिंदू, ११२ कडा, ५० पृष्ठं. उत्तर २.

इथे नवशिक्यांकडून हमखास होणारी एक चूक सांगतो. एक्स्ट्रूड सुरू केलं, मन बदललं, एस्केप दाबलं. हलवणं रद्द होतं, पण नवे बिंदू जुन्यांवर तसेच बसून राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही आणि ऑयलरचं उत्तरही बदलत नाही, कारण शून्य क्षेत्रफळाची पृष्ठंसुद्धा मोजणीत नीट जुळतात. म्हणून एस्केपनंतर अनडू करायचंच. शंका आली तर मर्ज बाय डिस्टन्स, म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एकत्र करणं. त्याचं मूळ अंतर ०.१ मिलिमीटर असतं. ते वाढवत ४ मिलिमीटरच्या पलीकडे नेलंत तर आतली आणि बाहेरची भिंत काठावर एकमेकींना चिकटतील.

आता बाहेरच्या भिंतीला ५ आडवे लूप कट (वस्तूभोवती पूर्ण फिरणारे काप) द्या, आतल्या भिंतीलाही ५. पाचच का? ९.५ सेंटिमीटरचे सहा पट्टे झाले की प्रत्येक १.५८ सेंटिमीटर उंच होतो, आणि १६ बाजूंपैकी एकीची रुंदी १.५६ सेंटिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक पृष्ठ जवळजवळ चौरस, आणि कान त्यातूनच निघणार आहे. आतली भिंत न कापता सोडली, तर सबडिव्हिजननंतर आतला तळ वाटीसारखा गोल होतो आणि भिंतीची जाडी जागोजागी बदलते.

एका उभ्या रांगेतलं वरून दुसरं आणि खालून दुसरं पृष्ठ निवडा, दोन्ही २ सेंटिमीटर बाहेर एक्स्ट्रूड करा, टोकाची दोन्ही पृष्ठं काढून टाका आणि मोकळ्या कडा ब्रिजने (दोन उघड्या तोंडांमध्ये पृष्ठं भरणारी आज्ञा) जोडा. मध्ये ४ कट ठेवा. ब्रिज दांडी बनवतो. तिला हवा तसा बाक देण्यासाठी एकेक कडं हलवून वळणाच्या दिशेने फिरवावं लागतं. कान पिळल्यासारखा दिसला तर कोपरे चुकीच्या कोपऱ्यांना जुळलेत, ट्विस्ट एकने बदलून बघा.

आकडे: २४८, ४८४, २३६. उत्तर ० आलं, आणि तेच बरोबर आहे. कानामुळे वस्तूला आरपार भोक पडतं, आणि प्रत्येक आरपार भोकामागे उत्तर २ ने घटतं. टोकाची दोन पृष्ठं काढायची विसरली असती, तर ती कानाच्या आत पडद्यासारखी राहिली असती आणि उत्तर पुन्हा २ आलं असतं. ‘२ म्हणजे बरोबर’ एवढंच पाठ असलेला माणूस नेमका इथे फसतो.

तळाची दोन पृष्ठं अजून १६ बाजूंची आहेत. प्रत्येकाला ३ मिलिमीटर इनसेट द्या, मधलं पृष्ठ काढा, ग्रिड फिल करा (मोकळी जागा चौकोनांच्या जाळीने भरणं), स्पॅन, म्हणजे एका बाजूचे चौकोन, ४. चार गुणिले चारची जाळी बसते. आता सगळी पृष्ठं चौकोनी झाली: २९८ शिरोबिंदू, ५९६ कडा, २९८ पृष्ठं. एका आरपार भोकाच्या निव्वळ चौकोनी मेशमध्ये शिरोबिंदू आणि पृष्ठं कायम सारखी, कडा दुप्पट. नवा पूर्ण लूप टाकलात तरी हे नातं टिकतं.

ज्या बिंदूत चारऐवजी तीन किंवा पाच कडा मिळतात त्याला पोल म्हणतात. आपल्या कपात तीन कडांचे ८ पोल आहेत, दोन्ही तळांच्या जाळ्यांच्या कोपऱ्यांत. पाच कडांचे ८, कानाच्या दोन्ही मुळांशी. मेशबांधणीतला खरा निर्णय पोल कुठे ठेवायचे हा आहे. कान नसता तर निव्वळ चौकोनी मेशमधून पोल नाहीसे करताच आले नसते; घनाचे आठ कोपरे आठवा, ते कुठेतरी राहणारच. कॅटमुल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली सबडिव्हिजन प्रत्येक चौकोनाचे चार करते, पण पोल तसेच ठेवते, आणि तिथे प्रकाशाची रेघ चिमटते. कानाच्या मुळाशी आकार तसाही वळतो, म्हणून तिथला चिमटा खपतो. गुळगुळीत भिंतीच्या मधोमध तोच नजरेत भरतो.

सबडिव्हिजनच्या दोन पातळ्या लावा: ४७६८ पृष्ठं. बाहेरच्या तळाची धार जास्त गोल झाली असेल तर तळापासून ३ मिलिमीटरवर एक लूप द्या. कान दुसऱ्या पट्ट्यातून निघत असल्यामुळे तो लूप कानाला शिवत नाही. मग चकचकीत मॅटकॅप (वस्तूवर तयार चमक दाखवणारं आवरण) लावून कप हळूहळू फिरवा. रेघ जिथे मोडते तिथे थांबा आणि त्या बिंदूत किती कडा मिळतात ते मोजा.